हाक तरुणांना, ऐकणारे थोरले

१९१५ च्या एप्रिलमध्ये तोक्योच्या इंपीरियल थिएटरात ‘गेइजुत्सुझा’ या मंडळीनं एका रशियन कादंबरीवरचं नाटक लावलं. मात्सुई सुमाको ही त्या मंडळीची मुख्य नटी. तिनं त्यात एक गाणं म्हटलं, ‘गोंदोला नो उता’, म्हणजे गोंडोल्याचं गाणं. शब्द योशिई इसामु या कवीचे, चाल नाकायामा शिम्पेई यांची. दोघंही तेव्हा २८ वर्षांचे, सुमाको त्यांच्याहून जराशी मोठी. गाण्याची कडवी चार, आणि ती सगळी तरुण मुलींना केलेली विनवणी आहे. वय ओसरायच्या आत प्रेमाला सामोऱ्या जा, एवढंच ती सांगतात.

असं सांगणारी गाणी जगात पैशाला पासरी आहेत. हे मात्र शंभर वर्षं उलटली तरी जपानात टिकून आहे. जपानबाहेर ज्यांनी ते ऐकलंय, त्यांतल्या बहुतेकांनी ते एका मरणाच्या दारातल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. अकिरा कुरोसावांच्या ‘इकिरु’ (१९५२) या चित्रपटात पोटाच्या कर्करोगानं ग्रासलेला एक सरकारी बाबू ते दोनदा गातो. विशीतल्या मुलींसाठी लिहिलेलं गाणं या माणसापर्यंत पोचलं कसं, याचा माग काढत गेलं की आपण पार इटलीतल्या फ्लॉरेन्सला, पंधराव्या शतकात जाऊन पोचतो. आणि वाटेत जे जे भेटतं त्यावरून माझी खात्री होत गेली आहे की तारुण्य सरतंय हे सांगणारी गाणी तरुणांची नसतातच. हाक त्यांना मारलेली असते. पण ती लिहितात, जपून ठेवतात आणि काळजाला लावून घेतात ती ज्यांचं काही ना काही हातचं गेलेलं आहे अशी माणसं.

फ्लॉरेन्सपासून सुरुवात करू. ईस्टरपूर्वी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवास असतो. तो लागायच्या आधी कार्निव्हलचा धिंगाणा घालून घ्यायचा, जसा आपल्याकडे श्रावण लागायच्या आत आखाड साजरा होतो. मुखवटे घातलेली मंडळी सजवलेल्या गाड्यांवरून शहरभर गात फिरत. या सोहळ्यासाठी गाणी रचणाऱ्यांत शहराचा सर्वेसर्वा लोरेन्झो दे मेदिची स्वतः होता. १४९० च्या कार्निव्हलसाठी त्यानं मद्यदेव बाकस आणि आरिआद्ने यांच्या मिरवणुकीचं गाणं लिहिलं. तारुण्य सुंदर आहे आणि निसटतंही आहे, ज्याला आनंद करायचाय त्यानं आज करावा, उद्याचा भरवसा नाही, हे त्याचं धृपद. इटलीतल्या शाळकरी पोरांना ते आजही येतं.

गाणं वरून उत्सवी आहे. आत शिरलं की एकेका पात्राची कुंडली दिसू लागते. आरिआद्नेला थीसिअसनं नाक्सोस बेटावर झोपेत सोडून पळ काढला होता. बाकस तिला भेटला तो त्यानंतर. म्हणजे गाण्यातलं सुखी जोडपंसुद्धा एका दगाफटक्याच्या पोटी जन्माला आलेलं. मागून गाढवावर बसून म्हातारा सायलीनस येतो, त्याला धड तोलही सावरत नाही. त्याच्यामागून येतो मिदास. हात लावील त्याचं सोनं होतं आणि तहान काही भागत नाही. हे मिदासचं कडवं एका सावकारी घराण्याच्या वारसानं लिहिलंय, आणि तेही अशा काळात की मेदिचींची पेढी आतून पोखरत चालली होती. १४९४ मध्ये ती बुडालीच.

लोरेन्झो तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. घराण्यातल्या संधिवातानं त्याला जखडलं होतं, उपचारासाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर सारख्या खेपा चालू. बायको क्लारिचे १४८८ मध्ये गेली होती. धाकटा भाऊ जुलिआनो, देखणा, सगळ्या शहराचा लाडका, १४७८ च्या पात्सी कटात भर कॅथीड्रलमध्ये प्रार्थना चालू असताना मारला गेला. तिथे लोरेन्झो स्वतः थोडक्यात वाचला होता. उद्याचा भरवसा नाही हे या माणसाच्या लेखणीतून उतरतं तेव्हा ती नुसती पुस्तकी शिकवण राहत नाही. १४९२ च्या एप्रिलमध्ये, त्रेचाळीसाव्या वर्षी, तो गेला. त्यानंतर फ्लॉरेन्सवर साव्होनारोला या धर्मोपदेशकाची छाया पडली आणि १४९७ च्या कार्निव्हलमध्ये गाण्याबजावण्याऐवजी आरसे, मुखवटे, वाद्यं, चित्रं यांची चौकात होळी झाली. लोक जुन्या कार्निव्हलच्या चालींवर भजनं म्हणू लागले. चाली मात्र त्याच राहिल्या.

ही कल्पना लोरेन्झोची स्वतःची नव्हे. रोमन कवी होरेसनं इसवी सनापूर्वी ती मांडली होती, आणि ती युरोपची मक्तेदारीही नाही. आपल्या गोदाकाठी महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त हाच युक्तिवाद सापडतो. एका गाथेत तारुण्याला नदीच्या पुराची उपमा आहे: गेलेले दिवस परत यायचे नाहीत, रात्रीही नाहीत, मग हा रुसवा कशाला धरून बसायचा? मला यात मौज वाटते ती सांगणारीची. बोलणारी एक वडीलधारी बाई आहे, आणि समोर फुरंगटून बसलेली मुलगी. मरणाचा धाक नाही, शास्त्र नाही. भांडण मिटवायला निघालेल्या एका बाईचं शहाणपण आहे. तिनं हे शहाणपण कुठून मिळवलं असेल, तिचा स्वतःचा कुठला रुसवा फार लांबला असेल, हे गाथा सांगत नाही. पण दोन ओळींत तो संशय ठेवून जाते, आणि गाथेचा जीव त्या संशयात आहे.

आता फ्लॉरेन्स ते तोक्यो हा पल्ला. मधला दुवा डेन्मार्कचा. हान्स ख्रिश्चन अँडरसन परीकथांमुळे जगाला माहीत आहेत. त्यांना पहिलं मोठं नाव मिळवून दिलं ते १८३५ च्या एका कादंबरीनं. इटलीचा प्रवास करून आल्यावर त्यांनी ती लिहिली. नायक अंतोनिओ हा जागच्या जागी कविता रचून गाणारा रोमचा तरुण. व्हेनिसकडे जाणाऱ्या नावेत त्याच्या कानावर एक लोकगीत पडतं. भाव लोरेन्झोच्याच कुळातला: रक्त गरम आहे तोवर प्रेम करा, उद्या आपण असू की नसू. पुढे व्हेनिसला पोचल्यावर अंतोनिओला काय भेटतं, ते पाहण्यासारखं आहे. त्यानं ज्या गायिकेवर कधीकाळी जीव टाकला होता ती अनुन्झिआता, रोमनं डोक्यावर घेतलेली, एका फडतूस नाटकगृहात गाताना दिसते. आवाज गेलेला, रूप गेलेलं, पैसा गेलेला. नावेतलं ते गाणं अँडरसननी तिच्याआधी ठेवलंय ते उगीच नाही.

ही कादंबरी जपानीत आणली मोरी ओगाई यांनी. ओगाई लष्करात डॉक्टर, जर्मनीत शिकून आलेले. जर्मन अनुवाद समोर ठेवून त्यांनी हे काम हाती घेतलं. १८९२ ते १९०१ अशी जवळजवळ दहा वर्षं नोकरीधंदा सांभाळून ते मासिकांतून भाषांतर छापत राहिले आणि १९०२ मध्ये त्याचं पुस्तक झालं. भारदस्त, अभिजात जपानीतलं हे भाषांतर पुढच्या पिढीच्या लेखकांनी अक्षरशः घोकलं. पुस्तकाच्या सुरुवातीला ओगाईंनी एक बारीकशी नोंद केली आहे. पुस्तक जरा मोठ्या टायपात छापलंय, कारण माझी आई आता म्हातारी झालीय आणि तिला ते वाचायचंय. तरुण रक्ताचं ते होडीगीत जपानी कागदावर उतरलं तेव्हा एका वृद्ध बाईच्या नजरेच्या बेतानं अक्षरांचा आकार ठरला होता. माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला साक्षीदार मला सापडलेला नाही.

ओगाई ज्या ‘सुबारु’ मासिकाचे वडीलधारे होते, त्याच मासिकाच्या तरुण टोळक्यात योशिई इसामु होता. सरदार घराण्यातला, आजोबा मेइजी राजवटीतले बडे मुत्सद्दी. याला मात्र क्योतोच्या गिओन पेठेतल्या रात्री, तिथलं पाणी, तिथल्या गाणाऱ्या बायका यांचा नाद. त्याच्या तान्का कवितांनी त्याला आधीच नाव मिळवून दिलं होतं. नाटकासाठी व्हेनिसचं एक गाणं हवं झालं तेव्हा ओगाईंच्या अनुवादातलं ते नावेतलं गीत त्याला आठवलं आणि त्यावरून त्यानं आपलं गाणं बेतलं.

नाटकात व्हेनिस यायचं कारण तुर्गेनेव्ह. १८६० च्या त्यांच्या कादंबरीतली येलेना ही रशियन मुलगी इन्सारोव्ह या बल्गेरियन क्रांतिकारकासाठी घरदार सोडते. त्याच्या देशात लढायला निघालेली ही दोघं वाटेत व्हेनिसला थांबतात. तो छातीच्या दुखण्यानं पोखरलेला. दिवसभर दोघं गोंडोल्यातून हिंडतात, संध्याकाळी ऑपेराला जातात, आणि तिथे लागलेला असतो नेमका ‘ला त्राव्हिआता’, ज्यातली नायिका क्षयानं मरते. दोघंही गप्प होतात. पाठोपाठ इन्सारोव्ह जातो. त्या एका दिवसाच्या सुखाचं वर्णन तुर्गेनेव्हनं इतक्या हळुवार हातानं केलंय की वाचणाऱ्याला पुढचं पान उलटावंसं वाटत नाही. योशिईचं गाणं या प्रसंगाच्या तोंडी बसवायचं होतं. पाण्यावर होडी आहे, होडीत दोघं आहेत, आणि त्यांच्यापाशी उरलेला वेळ प्रेक्षकांना ठाऊक आहे.

गाण्याची बांधणी पाहा. चारही कडव्यांची सुरुवात त्याच शब्दांनी होते, आयुष्य थोडं आहे, प्रेम कर मुली, तीच हाक पुन्हा. जपानी गीतात उच्चारांची गणती असते. इथे पहिली ओळ सात-सातची भरघोस, आणि पुढच्या साधारण सात-पाचच्या. हाक लांब, तिच्यामागचं कारण आखूड. पहिल्या आणि चौथ्या कडव्यात ओठांचा रंग, रक्ताची ऊब, केसांचा काळेपणा, काळजातली धग असं सगळं शरीराशी निगडित आणि सगळं ओसरणारं. मधल्या दोन कडव्यांत हा हिशेब थांबतो आणि प्रत्यक्ष होडी येते. हातात हात, गालाला गाल, खांद्यावर टेकलेली बोटं, लाटांवर वाहत जाणं. चारही कडवी नकारावर संपतात. बाहेरच्या दोन कडव्यांतला नकार काळाबद्दल आहे: उद्या नाही, आज पुन्हा नाही. आतल्या दोन कडव्यांतला माणसांबद्दल: इथे कोणी येत नाही, कोणी पाहत नाही. सुखाला जागा मिळालीय ती मधल्या दोन कडव्यांत, दोन्ही बाजूंनी सरत्या काळानं वेढलेली. इतक्या थोड्या शब्दांत हे साधणं सोपं नाही, आणि याचं श्रेय योशिईला जितकं द्यावं तितकं मिळत नाही असं मला वाटतं.

आता चाल. नाकायामा शिम्पेई नागानो प्रांतातल्या खेड्यातून तोक्योला आलेले. पुढे गेइजुत्सुझाचे प्रमुख झालेले शिमामुरा होगेत्सु यांच्या घरी राहून, घरकामाला हातभार लावत त्यांनी संगीताचं शिक्षण पुरं केलं आणि शाळेत मास्तरकी धरली. १९१४ मध्ये तोल्स्तोयच्या ‘पुनरुत्थान’वरच्या नाटकासाठी त्यांनी बांधलेलं ‘कात्यूशाचं गाणं’ सुमाकोच्या आवाजात गावोगाव पसरलं, त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. नाटकातलं पद थिएटराबाहेर पडून घराघरांत जाणं मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं ते १९११ मध्ये, म्हणजे याच्या तीनच वर्षं आधी. नाकायामांच्या पुष्कळ चाली ज्या स्वरमालेत आहेत तिच्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत. थोडक्यात, आपल्या भूपाचे स्वर. पाश्चात्त्य सुरावट आणि जपानी कान यांची गाठ त्यांनी तिथे घातली.

‘गोंदोला’साठी त्यांनी ताल घेतला सहा मात्रांचा, तीन-तीनमध्ये झुलणारा. आपल्या दादऱ्याची मोजणी करून पाहिली तर तो ठेका हाती येतो. व्हेनिसच्या नावाड्यांची गाणी युरोपात याच झोक्यात बांधतात, शोपँपासून ओफेनबाखपर्यंत. जपानी गाण्यांत मात्र हा ताल तेव्हा विरळाच. चालीच्या जन्माची कथा अशी सांगतात, की त्याच सुमाराला नाकायामांची आई वारली. ते गावी गेले. हातात योशिईचे शब्द होते, चाल सुचत नव्हती. परतीच्या आगगाडीत चाकांच्या खडखडाटात ते शब्द ऐकू येऊ लागले आणि चाल आपसूक उतरली. मुलींना प्रेमाचं आर्जव करणाऱ्या शब्दांना सूर मिळाले ते आईला पोचवून परत येणाऱ्या मुलाकडून. हे कळल्यावर चालीतला तो उदास झोल वेगळा ऐकू येतो. कडवं वर चढतं आणि शेवटी हलकेच खाली येऊन बसतं. त्यात कुठेही मुलींना फूस लावण्याचा सूर नाही.

आणि सुमाको. तीही नागानोचीच. १९११ मध्ये इब्सेनच्या नोराचं काम करून ती एका रात्रीत गाजली. त्या काळी जपानी रंगभूमीवर बाईनं बाईचं काम करणं हीच नवलाई होती. होगेत्सु वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक, बायकामुलं असलेले गृहस्थ. दोघांचं प्रेम जमलं, गवगवा झाला, होगेत्सुंना प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९१३ मध्ये दोघांनी मिळून गेइजुत्सुझा काढली. वयानं, नात्यानं, समाजानं हे प्रेम होडीतल्या मुलामुलीचं नव्हतंच. उशिरा आलेलं, किंमत मोजून घेतलेलं होतं. इथे गाण्याचा अर्थ पालटतो. पुरुष कवी तरुणींना उद्देशून असं काही लिहितो तेव्हा त्यात अनेकदा आपला मतलब असतो. फ्रान्सच्या रोंसारपासून इंग्लंडच्या हेरिकपर्यंत गुलाबाच्या कोमेजण्याचा दाखला देऊन मुलींना घाई करणाऱ्या कवींची रांगच आहे, आणि म्हातारपणाची भीती घालून प्रेम मागणं मला कधीच रुचलेलं नाही. पण तेच शब्द सुमाको गाते तेव्हा मागणारा बाजूला होतो. एक बाई दुसऱ्या बायांना, स्वतःचं सगळं पणाला लावून झाल्यावर, सांगत असते. ती गाथेतल्या त्या वडीलधाऱ्या बाईच्या जागी येऊन उभी राहते.

१९१८ च्या शरदात स्पॅनिश फ्लूची साथ जपानात पसरली. ५ नोव्हेंबरला होगेत्सु गेले, ४७ वर्षांचे होते. सुमाकोनं काम थांबवलं नाही. नव्या वर्षाच्या सुरुवातीला ती ‘कार्मेन’ करत होती. होगेत्सु गेल्याला बरोबर दोन महिने झाले त्या दिवशी, ५ जानेवारी १९१९ ला, तिनं आपलं आयुष्य संपवलं. मंडळी मोडली. गाणं तेवढं उरलं, आणि त्यानंतर जपानात ते ऐकणाऱ्याला हे सगळं माहीत असे. नाकायामा पुढे फार मोठे झाले. ‘तोक्यो ओन्दो’ हे गाणं त्यांचं, आणि साबणाच्या फुग्यावरचं ते बालगीतही त्यांचंच, ज्यात फुगा छपरापर्यंत जातो आणि फुटतो. जपानी आया ते आजही मुलांना म्हणून दाखवतात.

मग मध्ये युद्ध आलं, शहरं जळाली, आणि १९५२ मध्ये ‘इकिरु’ आला.

कान्जी वातानाबे हा नगरपालिकेतला एका विभागाचा प्रमुख. तीस वर्षं त्यानं कागदांवर शिक्के मारण्यापलीकडे काही केलेलं नाही. कर्करोग झालाय, काही महिने उरलेत, हे त्याला उमगतं. एका लेखकाच्या संगतीनं तो रात्रीच्या तोक्योत सुख शोधायला निघतो. दारूचे गुत्ते, नाच, दिवे. एका बारमध्ये पियानोवाला विचारतो, कोणाला काही ऐकायचंय का? वातानाबे हे गाणं सांगतो. विशीतल्या पोरीला शोभेल असं सदतीस वर्षांपूर्वीचं गाणं. पियानोवाला वाजवू लागतो, जोडपी नाचायला उठतात. आणि हा माणूस कोणाकडेही न बघता, ओठ जेमतेम हलवत, गाऊ लागतो. वातानाबेचं काम करणाऱ्या ताकाशी शिमुरांचा आवाज तिथे घशाच्या तळातून येतो, सूर पुरता लागत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असतं आणि ते पुसायचंही त्याला भान नसतं. नाचणारे एकेक करून थबकतात. त्या बारमध्ये तरुण माणसं तीच आहेत आणि गाणं त्यांच्यासाठीच लिहिलेलं आहे, पण त्यांना ते झेपत नाही. गाणं आलं तेव्हा वातानाबे ऐन उमेदीच्या उंबरठ्यावर असणार. तेव्हा त्यानं ते ऐकलं, गुणगुणलं, आणि त्याप्रमाणे वागला मात्र नाही.

यानंतर त्याच्या आयुष्यात तोयो येते, त्याच्याच कचेरीतली तरुण मुलगी. तिनं त्याचं नाव ‘ममी’ ठेवलेलं. ती खळखळून हसते, भरपूर खाते, नोकरी सोडून खेळण्यांच्या कारखान्यात लागते. तिच्याजवळ असं काय आहे ते त्याला कळून घ्यायचंय. तिला मात्र यात काय विचारायचंय तेच कळत नाही. शेवटी ती आपण बनवलेला चावीचा ससा टेबलावर ठेवते आणि म्हणते, तुम्हीही काहीतरी बनवा. त्याला उजाडतं. ससा हातात धरून तो उपाहारगृहाचा जिना घाईघाईनं उतरतो, आणि वर जमलेली कॉलेजची पोरं वाढदिवसाचं गाणं गाऊ लागतात. ती वाट पाहत असतात आपल्या मैत्रिणीची, जी त्याच वेळी जिना चढून येत असते. तरुण वर चालले आहेत, म्हातारा खाली. गाणं दोघांवरूनही जातं. मला वाटतं गीत आणि वय यांच्या नात्यावर चित्रपटात इतकं नेमकं क्वचितच कोणी बोललं असेल, आणि इथे तर संवादाचा एक शब्द नाही.

वातानाबे मोहल्ल्यातल्या बायकांची जुनी मागणी उचलून धरतो. सांडपाण्याचं डबकं बुजवून तिथे मुलांसाठी बाग व्हावी म्हणून तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. दुसऱ्या वेळी गाणं येतं ते तो मेल्यानंतर, त्याच्या दुखवट्याला आलेल्या पोलिसाच्या आठवणीतून. बर्फ पडतंय, बाग तयार आहे, आणि झोपाळ्यावर बसून तो तेच गाणं म्हणतोय. पोलिसाला वाटलं होतं, कोणी दारुडा असेल. बारमधलं गाणं शोक होता. इथे आवाज स्थिर आहे आणि त्यात समाधान आहे. शब्द एकही बदललेला नाही. मुलींना प्रेमाची घाई करणारे तेच शब्द, पण त्याच्या तोंडी प्रेमाची जागा आता ती बाग घेते. सहा मात्रांचा तो झोका मुळात होडीचा होता, कुरोसावांनी तो झोपाळ्याला दिला. नाकायामा याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९५२ ला वारले.

२०२२ मध्ये ‘इकिरु’वरून इंग्लंडात ‘लिव्हिंग’ हा चित्रपट निघाला. पटकथा काझुओ इशिगुरोंची, मुख्य भूमिकेत बिल नाय. तिथे नायक गातो एक जुनं स्कॉटिश गीत, घरासमोरच्या झाडाचं आणि बालपणाचं. नाय ते सुंदर गातात. तरी माझ्या मते काहीतरी निसटलंय. बालपणाची आठवण कोणीही म्हातारा काढू शकतो, ते त्याचं स्वतःचंच गाणं असतं. वातानाबे दुसऱ्यासाठी लिहिलेली हाक स्वतःवर घेतो, आणि ती घेण्याचा हक्क आपल्याला उरलेला नाही हे त्याला ठाऊक असतं. ती धार स्कॉटिश झाडात नाही.

योशिई इसामु १९६० पर्यंत जगला. क्योतोच्या गिओनमध्ये, शिराकावा ओढ्याच्या काठी, १९५५ मध्ये त्याच्या कवितेची शिळा उभारली गेली, आणि दर वर्षी ८ नोव्हेंबरला तिथल्या गेइको आणि माइको या कलावंतिणी येऊन शिळेपुढे शेवंतीची फुलं ठेवतात. त्याच क्योतोत घडणारी मोरिमी तोमिहिको यांची एक कादंबरी २००६ मध्ये निघाली आणि तरुण वाचकांनी ती उचलून धरली; २०१७ मध्ये युआसा मासाआकी यांनी तिचा ॲनिमेशनपट केला. तिचं नाव योशिईच्या पहिल्याच ओळीवरून घडवलंय. आयुष्याच्या जागी रात्र आली आहे आणि प्रेमाच्या जागी चालणं.

कादंबरीतला कॉलेजचा मुलगा काळ्या केसांच्या एका मुलीवर भाळलेला असतो, आणि तिच्या वाटेत ‘योगायोगानं’ येण्यासाठी गावभर धडपडत राहतो. वेळ हातची जातेय या चिंतेनं तो बेजार. पण कादंबरी त्याच्या एकट्याच्या तोंडून येत नाही. आळीपाळीनं ती मुलगीही बोलते. लोरेन्झोच्या मिरवणुकीपासून सुमाकोच्या नाटकापर्यंत जिला उद्देशून सगळं बोललं गेलं, ती इथे आपल्या तोंडानं सांगू लागते. तिला घाई नाही. तिला दारू चाखून पाहायचीय, जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक पुस्तक शोधायचंय, अनोळखी म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्यात. तिच्यामागून कोणी येतंय याचा तिला पत्ताच नाही, आणि क्योतोच्या गल्ल्यांतून ती रात्रभर चालत राहते.